मलिक अंबराचा चेहरा

सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं शाळेच्या संमेलनांत मीं सिद्दी जौहराचें सोंग घेतलें होतें. पोषाख कसाबसा जमला. तोंडाला मात्र काजळ आणि खोबरेल यांचा जाड लेप देण्यांत आला, व मी रंगभूमीवर पाऊल टाकतांच सारें सभागृह हंशानें दणाणून गेलें. मला तो माझ्या अभिनयाचा विजय वाटला. परवां नातवाच्या वाचनांत मलिक अंबराचें नांव आलें आणि “हा दिसायला कसा होता हो, आजोबा?” असें त्यानें विचारलें, तेव्हां त्या काजळाची आठवण होऊन मी ओशाळलों.

अंबराचें नांव महाराष्ट्राला नवीन नाहीं. १५४८ च्या सुमारास हबसाणांत जन्मलेला, बालपणींच गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अनेक धन्यांच्या हातांतून दख्खनेंत आलेला हा पुरुष पुढें निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. १६१० मध्यें त्यानें खडकी वसविली. तेंच आजचें छत्रपती संभाजीनगर. १६२४ सालीं भातवडीच्या रणांत त्यानें मोगल व आदिलशाही फौजांना एकदमच धूळ चारली. त्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूस होते. त्याच्या जमाबंदीची थोरवी आपण परीक्षेपुरती पाठ करतों. फार काय, आपलें कल्याणहि त्या काळीं निजामशाहींत मोडत असे; तें आदिलशाहीकडे गेलें १६३६ मध्यें, अंबराच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनीं. असें असूनहि आम्हां डोंबिवलीकरांना त्याचा चेहरा ठाऊक नसावा!

तो चेहरा आतां घरबसल्या पाहतां येतो. परदेशांतील संग्रहालयांनीं आपल्या चित्रांच्या स्वच्छ प्रतिमा संगणकावर सर्वांस खुल्या केल्या आहेत. नातवानें दोन चित्रें काढून दाखविलीं. पहिलें डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयांतील. जहांगीराचा नामांकित चितारी अबुल हसन यानें १६१६ च्या सुमारास काढलेलें. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याला टोंचलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण सोडीत आहे, आणि मुंडक्यावर घुबड बसलें आहे. गंमत अशी कीं, हें मुंडकें बादशहाच्या हातीं कधींच लागलें नाहीं. ऐंशीच्या घरांत पोंचलेला अंबर १६२६ सालीं आपल्या मरणानें मेला. खुलदाबादेस त्याची कबर आहे. रणांत जें साधेना, तें कुंचल्याकडून साधून घेतलें, इतकेंच.

दुसरें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांतलें, हाशिमाच्या हातचें, १६२० च्या सुमाराचें. हाशिमहि मोगल दरबाराचाच चितारी. पण त्याचा अंबर पांढर्‍या जाम्यांतला, भारदस्त देहाचा, एका बाजूनें रेखाटलेला सरदार आहे. वर्ण काळा, तो काळाच रंगविला आहे. काजळ कोठेंहि फांसलेलें नाहीं. नातू बराच वेळ पाहत राहिला व म्हणाला, “हा तर रागावलेल्या मुख्याध्यापकांसारखा दिसतो!”

एकाच दरबारांतून निघालेलीं हीं चित्रें. एक आयर्लंडांत, दुसरें इंग्लंडांत. पूर्वीं दोन्ही पाहणें एखाद्या धनिकाला किंवा पंडितालाच शक्य होतें. केवळ पहिलेंच ज्याच्या पाहण्यांत आलें, त्याची समजूत काय झाली असेल? दोन साक्षी समोरासमोर उभ्या राहिल्या म्हणजे कोणती खोटी तें लहान मूलहि ओळखतें.

हें मर्म अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांनीं फार पूर्वीं जाणलें. पोर्टो रिकोंत जन्मलेल्या आर्तुरो शॉम्बर्ग यांनीं आपल्या समाजाविषयींचीं पुस्तकें, हस्तलिखितें व चित्रें वर्षानुवर्षें जमविलीं. १९२६ सालीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें तीं विकत घेऊन हार्लेममध्यें ठेवलीं. त्यांच्याच नांवानें चालणार्‍या त्या संस्थेनें २०१३ मध्यें हिंदुस्थानांतील आफ्रिकी वंशजांवर प्रदर्शन मांडलें. खडकीच्या संस्थापकाची ओळख हार्लेमनें करून द्यावी, हें आम्हांला भूषणावह खासच नाहीं.

तथापि सरदारांचीं चित्रें निघतात, गरिबांचें काय? १८६३ व १८६६ सालीं विल्यम जॉन्सननें मुंबई इलाख्यांतील लोकांचीं छायाचित्रें दोन खंडांत प्रसिद्ध केलीं. आज तींहि संगणकावर पाहतां येतात. तेथें बहुतेक माणसें जातीच्या नांवानें उभीं आहेत, स्वतःच्या नांवानें नाहींत. नागर ब्राह्मण स्त्रियाहि त्यांतून सुटल्या नाहींत.

कारवारच्या वर, यल्लापूर-हल्याळच्या रानांत राहणार्‍या सिद्दी स्त्रिया जुनेर्‍यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून फेर धरीत त्या मध्याकडे येतात, आणि कोपर्‍यांना ‘फूल’ घातल्यावांचून ती पुरी झाली असें मानीत नाहींत. पांघरण्याची वस्तु ती. वापरतां वापरतां विरून जाते. छायाचित्र घेतलें, तरच मागें कांहीं उरणार.

तसलें एक छायाचित्र त्या दिवशीं आमच्या घरांत हातोहात फिरलें. काकूंनीं आजवर सार्‍या घराच्या गोधड्या शिवल्या आहेत. त्यांनीं चष्मा पुसून तें निरखून पाहिलें.

“धांवदोरा आपल्यासारखाच आहे गो,” त्या सुनेला म्हणाल्या, “पण हे कोपरे आपण नाहीं करीत. कुणी शिवली ही?”

नातवानें वरखालीं शोधून पाहिलें. गांवाचें नांव होतें, तिचें नव्हतें.