उतरल्यावर मेसेज कर

'पॅराशूट उघडलंच नाही तर?'

हा प्रश्न आजवर किती जणांनी विचारला, याची मोजदाद मी सोडून दिलीय. ऑफिसच्या पॅण्ट्रीत, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये... एकदा तर डेण्टिस्टनं विचारला, माझ्या तोंडात कापसाचे बोळे असताना! स्कायडायव्हिंग म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात. एक हा प्रश्न आणि दुसरा २०११चा 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'. त्यातल्या तिघांनी स्पेनमध्ये उडी मारली आणि तेव्हापासून आमच्या छंदाला बकेट लिस्ट नावाचा रोग जडला. एकदा करायचं, फोटो टाकायचा, संपलं!

तर उत्तर एकदाचं देऊन टाकते, म्हणजे पुढचं बोलता येईल. पाठीवर एक नाही, दोन पॅराशूट असतात. मुख्य पॅराशूट गुंतलं तर एक हॅण्डल ओढून ते सोडून द्यायचं आणि दुसरं ओढून राखीव उघडायचं. राखीवची घडी आपण घालत नाही. परवाना असलेला माणूस घालतो आणि ठराविक मुदतीनं उघडून, तपासून पुन्हा घालतो. शिवाय पाठीवरच्या त्या बॅगेत एक छोटं यंत्र असतं. तुम्ही बेशुद्ध असाल, गोंधळला असाल आणि जमीन हजार फुटांच्या आत आली तरी त्याच वेगानं पडत असाल, तर ते स्वतःच राखीव पॅराशूट उघडतं. हे यंत्र १९९१ मध्ये जर्मनीत आलं आणि त्यानं कितीतरी माणसं घरी परत पाठवली.

मग तरीही अपघात होतात का? होतात की! अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये तिथे ३८ लाखांहून जास्त उड्या झाल्या आणि ९ माणसं गेली. पण या धंद्यातली खरी मेख अशी आहे की, दरवर्षी अशा अपघातांतले बरेचसे पॅराशूट छान उघडल्यावर होतात. व्यवस्थित, सुंदर उघडलेलं पॅराशूट. वर चार किलोमीटर आकाश संपवून झालेलं. शेवटचे शंभरेक फूट उरलेत, खाली मित्र उभे आहेत, आणि गडी ऐटीत एक जोरदार वळण घ्यायला जातो. जमिनीच्या इतक्या जवळ जोरात वळलं की पॅराशूट झपकन खाली येतं. संपला खेळ.

बिल बूथ या अमेरिकन गृहस्थांनी मुख्य पॅराशूट झटक्यात सुटं करणाऱ्या तीन कड्यांची युक्ती शोधून काढली. आज जगभर तीच वापरतात. त्यांचंच एक निरीक्षण आमच्या जमातीत सगळ्यांना पाठ असतं. साधनं जितकी सुरक्षित होत जातात, तितके लोक जास्त आगाऊपणा करतात आणि हिशेब पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

मला हे कुठे पटतं सांगू? घाटकोपरला.

मी मुलुंडची. ऑफिस अंधेरीत, चकाल्याला. म्हणजे मुलुंड ते घाटकोपर लोकल आणि पुढे मेट्रो. ही मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली नसती तर मी नोकरी तरी बदलली असती नाहीतर स्वभाव तरी. आता सकाळी पावणेनऊला गाडी घाटकोपरला शिरतानाचं दृश्य आठवा. नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी एवढा प्रवास दाराशी शहाण्यासारखी उभी असलेली पोरं प्लॅटफॉर्म दिसला की गाडी थांबायच्या आत उड्या टाकतात. का? तर मेट्रोच्या ब्रिजवर दहा माणसं पुढे असायला हवं. दहा! मेट्रो दर चार-पाच मिनिटांनी आहे, बरं का. आम्ही १३,००० फुटांवरून येताना शेवटच्या फुटापर्यंत हातातल्या दोऱ्या सोडत नाही आणि इथे लॅपटॉप बॅग छातीशी धरून, एका कानात गाणं लावून लॅण्डिंग चाललेलं असतं. आणि वेडी कोण? मी!

आता इथे एक शहाणपणाचा बाण तुमच्या हातात असेल, तो मीच सोडते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून, खांबावर आपटून. म्हणून लोकलपेक्षा स्कायडायव्हिंग सुरक्षित, असं आमच्यातले काही जण छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. लोकलनं रोज काही दशलक्ष माणसं जातात. एका उडीसमोर एक लोकलफेरी ठेवली तर लोकलच जिंकेल. फक्त उड्या मी वर्षाला वीस-पंचवीस मारते आणि लोकलमध्ये पाचशे वेळा चढते, हे मात्र कुणी मोजत नाही. आई तर नाहीच नाही. माझा रोजचा डबा भरताना तिच्या पोटात कधी गोळा येत नाही. थायलंडचं तिकीट काढलं की येतो.

उडी मारायला थायलंडच का? कारण मुंबईच्या डोक्यावर जागाच नाही! माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दर दोन मिनिटांनी विमानाचं पोट दिसतं. शेजारी जुहूला हेलिकॉप्टरांची ये-जा. त्या जुहूच्या मैदानावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. तेव्हा त्यांना आकाश मोकळं मिळालं असणार, नशीबवान माणूस. आपल्याला दूरच जावं लागतं. हरियाणात नारनौलला उड्या होतात. जुलै २०२४ मध्ये जागतिक स्कायडायव्हिंग दिनाला केंद्रीय पर्यटनमंत्री गजेंद्रसिंह शेखावत यांनीही तिथे इन्स्ट्रक्टरला बांधून उडी मारली. मी शिकले थायलंडमध्ये. पहिला परवाना मिळायला किमान २५ उड्या लागतात. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी एकेक इन्स्ट्रक्टर धरून असतो आणि मग हळूहळू ते सोडत जातात. १३,००० फूट म्हणजे साधारण मुलुंड ते भांडुप उभं करायचं. पॅराशूट उघडेपर्यंत पाऊण मिनिट, ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. पोटात गोळा वगैरे काही येत नाही. वाऱ्याच्या गादीवर पालथं पडल्यासारखं वाटतं. गोळा येतो तो आधी, दार उघडतं तेव्हा.

पण तिथे सगळ्यात जास्त वेळ काय करतो आम्ही? बसतो. अक्षरशः बसतो! गेल्या खेपेला पाच दिवसांतले तीन दिवस मी एका शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काढले. नवशिक्यांना वाऱ्याची मर्यादा असते आणि काठीवरचा तो कापडी बोंडूक आडवा झाला की नाव यादीतून खाली. तुम्ही मुंबईहून आलात, रजा टाकलीय, पैसे भरलेत, तिथे कुणाला देणं-घेणं नसतं. एक गोरे आजोबा होते, हजारावर उड्या नावावर असलेले. विमानातून वर गेले, दारापाशी आले, ढगांकडे बघितलं, मान हलवली आणि विमानात बसून परत आले. कुणी हसलं नाही. कुणी 'काय झालं' असंही विचारलं नाही. एकानं चहा पुढे केला, बस्स.

आणि आपल्याकडे? जुलैत रेड अलर्ट असतो. लोकलच्या ग्रुपवर कुर्ला आणि सायनच्या पाण्याचे फोटो फिरत असतात. अशा सकाळी 'मी आज घरूनच काम करते' एवढं एक वाक्य टाइप करायला माझ्या टीममधली चांगली शिकलेली, गलेलठ्ठ पगाराची माणसं अर्धा तास थरथरत असतात. का, तर कुणीतरी ठाण्याहून पोचलाय आणि त्यानं डेस्कवरचा सेल्फी टाकलाय! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माझे बाबा फोर्टहून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आले. त्या चालण्याची गोष्ट आमच्याकडे अजून कौतुकानं सांगतात. बाबा स्वतः सांगत नाहीत. ते एवढंच म्हणतात, 'बाराला निघायला हवं होतं, पण आधी कोण उठणार?' आधी कोण उठणार, हा मुंबईतला फार महागडा प्रश्न आहे. मी आता उठते. विमानातून परत आलेले आजोबा डोळ्यांपुढे आणायचे आणि मेसेज पाठवून टाकायचा. आजवर नोकरी गेलेली नाही.

मराठी मुलगी आणि पॅराशूट म्हटलं की नाव एकच, पुण्याच्या शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली, उणे ३७ अंशांत, २,४०० फुटांवरून आणि तीही आयुष्यातली पहिली उडी! पुढे २००६ मध्ये अंटार्क्टिका. २००८ मध्ये लग्न, तेही पुण्याच्या आकाशात, बलूनमध्ये. २०११ ला पद्मश्री. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून. पण मला सगळ्यात आवडते ती फेब्रुवारी २०१८ची पट्टायाची उडी, नऊवारी नेसून. लोकांनी फोटो बघितला आणि म्हणाले, वा, काय हिंमत! मी बघितल्या त्या पिना. वाऱ्यानं साडी सुटून हॅण्डलवर येऊ नये, म्हणून त्यांनी ती जागोजागी पिनांनी आणि टेपनं पक्की केली होती. हिंमत फोटोत दिसते, टेप दिसत नाही.

आता आईची गोष्ट. गेल्या वर्षी मी घराचं कर्ज घेतलं, त्याबरोबर टर्म इन्शुरन्स घ्यायचं ठरलं. फॉर्ममध्ये एक रकाना असतो: धोकादायक छंद आहेत का? विमा विकायला आलेले काका (आमच्या ओळखीतलेच) हसत म्हणाले, 'बेटा, नाही लिही. कोण बघतंय?' आई स्वयंपाकघरात होती. मी 'हो' लिहिलं. मग आला चार पानांचा पुरवणी फॉर्म. वर्षाला उड्या किती, किती फुटांवरून, परवाना कुठला. प्रीमियम वाढला. काकांचा चेहरा पडला, कारण फाइल तीन आठवडे लांबली.

पण बघा ना, त्या कागदाचा उपयोग मला नाही, आईला आहे. पहिल्या तीन वर्षांत काही झालं आणि माहिती लपवली असं निघालं, तर कंपनी दावा नाकारू शकते. म्हणजे मी तिकडे जर्मन यंत्रावर आणि परवानाधारक घडीवर विसंबून उडी मारणार आणि इकडे आईसाठी ठेवलेलं राखीव पॅराशूट आतून कापून ठेवणार? काका गेल्यावर आईनं तो फॉर्म चष्मा लावून पूर्ण वाचला. 'जवळचा वारस' या ओळीवर स्वतःचं नाव बघून थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'हे तू आधी सांगितलं असतंस की एवढं सगळं तपासतात, तर मी एवढी घाबरले नसते.' मी तिला आठ वर्षं व्हिडिओ दाखवतेय, ढग, सूर्य, माझे फुगलेले गाल! तिला हवी होती ती चेकलिस्ट. आता निघताना ती मला उलट विचारते. 'राखीवची तारीख बघितलीस का? वारा किती सांगितलाय?' आणि शेवटी तेच, उतरल्यावर मेसेज कर.

हेच वाक्य ती मला ऑफिसला निघतानाही सांगू लागलीय. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडली, तेव्हापासून. घाटकोपरला उतरले की मी 'उतरले' असं टाकते. ट्रेनमधून की आकाशातून, तिला मेसेज सारखाच.

या सगळ्यात बोरिवलीच्या आत्याची एण्ट्री गेल्या महिन्यात झाली. आत्या अठ्ठावन्नची, डिसेंबर २०१७ मध्ये पहिली एसी लोकल बोरिवलीहून सुटली तेव्हापासून दारं बंद होणाऱ्या गाडीशिवाय चढत नाही. नॅशनल पार्कात रोज सकाळी पाच किलोमीटर चालते आणि माकडांना काठी दाखवते. तर आत्यानं फोनवर अगदी सहज आवाजात विचारलं, 'ते इन्स्ट्रक्टरला बांधून उडी मारतात, त्याला वयाची अट असते का गं?' म्हटलं, वयापेक्षा वजन बघतात, साधारण शंभर किलोच्या आत हवं. ब्लड प्रेशर आणि गुडघे डॉक्टरला दाखवून घे. पलीकडे शांतता. मग कॅल्क्युलेटर दाबल्यासारखा आवाज.

'वजन बसतं,' आत्या म्हणाली. 'आणि नऊवारी नको हं, मला नेसता येत नाही. पंजाबी ड्रेस चालेल ना?'

ओढणी घरी ठेवायची या अटीवर तिचा पासपोर्ट रिन्यूला दिलाय. आईला अजून कुणी सांगितलेलं नाही.