कानाचा कौल

दिवाळी तोंडावर आली की माझ्याकडे एक चौकशी हटकून येते. "गाणे ऐकायला चांगला फोन कोणता हो?" बोनस नुकताच हाती पडलेला असतो आणि विचारणारे गृहस्थ दुकानात एक फेरी मारून आलेले असतात. तिथे त्यांनी फोनच्या पाठीवरच्या तीन-तीन भिंगांतून सहकुटुंब फोटो काढून पाहिलेला असतो, पडदा उन्हात आणि सावलीत धरून पाहिलेला असतो. ऐकलेले मात्र काहीच नसते. ऐकणार तरी कसे? दुकानाच्या दारात भलामोठा कर्णा लावलेला असतो, त्यापुढे आतल्या माणसाला आपलेच बोलणे ऐकू येत नाही. मग हे गृहस्थ खोक्यावरचे आकडे मला वाचून दाखवतात. इतके बिट, तितके किलोहर्ट्झ. भाजी रुचकर झाली की नाही हे वाण्याच्या यादीवरून ठरवण्यासारखाच हा प्रकार.

यंदा हीच चौकशी मुरुमहून आली. मुरुम म्हणजे रस्त्यावर पसरतात तो नव्हे. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातले, कर्नाटकाच्या शिवेजवळचे हे गाव. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. घरात मराठी, बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही. थोरल्या बहिणीला आम्ही 'अक्का' म्हणतो तेही बहुधा त्या शेजाराचेच देणे. भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि कानडी दासवाणी एकाच ओसरीवर ऐकणारी माणसे इथे भेटतात, आणि त्यांना त्यात नवल वाटत नाही.

आमची अक्का मुरुमला दिली आहे. दाजींची चौतीस वर्षे पिठाची गिरणी होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती पुतण्याच्या हवाली केली. आता सकाळी शेत, संध्याकाळी भजन आणि रात्री ढाळजेत बाजेवर पडून फोनवर पुन्हा भजन. त्यांची तक्रार एकच होती. "आवाज फुटत नाही बघा. मृदंग येतोय, पेटी येतेय, पण टाळच गेलेत त्यातनं." भाच्याने निदान करून टाकले की फोन हलका आहे. औषधही सांगितले: सत्तर हजारांचा फोन. तुरीचे पैसे घरात होते. त्या फोनवर दाजी भजन ऐकतील आणि उरलेल्या वेळी तो भाच्याकडे राहील, अशी एकंदर योजना. अक्काचा मला फोन आला, "तू एकदा येऊन ऐकून जा. मगच पैसे मोडू देते."

श्रावणात गेलो. भाच्याने मित्राकडून तो सत्तर हजारांचा फोन दोन दिवसांसाठी मागून आणला होता. दुसऱ्या बाजूला अक्काचा नऊ हजारांचा.

सामन्याकडे जाण्यापूर्वी फोन गाण्यात नेमके काय काम करतो ते सांगायला हवे, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. फोनमध्ये गाणे आकड्यांच्या रूपाने साठवलेले असते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजून लिहिलेली असते. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, तोही तरुणपणी. तेवढ्यासाठी हे मोजमाप पुरून उरते. या आकड्यांचे पुन्हा विजेच्या लहरींत रूपांतर करणारी एक चिमुकली चकती लागते आणि त्या लहरींना बळ देणारा एक चिमुकला ॲम्प्लिफायर. फोनचा 'आवाज' म्हणतात तो एवढाच. आणि हे काम आता इतके सोपे नि स्वस्त झाले आहे की साधा फोनही ते बऱ्यापैकी करतो. फरक कुठे पडतो? मोठ्या, जड हेडफोनला काही फोनचे बळ पुरत नाही. उलट फार नाजूक इअरफोन लावला तर काही फोनांतून बारीक सूं-सूं ऐकू येते.

पण खरी गंमत पुढेच आहे. बिनतारी इअरफोन लावला की फोन नुसते आकडेच हवेतून पाठवतो. त्यांचा आवाज करण्याचे काम तुमच्या कानात बसलेले ते बोंडच करते. म्हणजे ब्लूटूथवर गाणे ऐकणाऱ्याने आवाजासाठी सत्तर हजारांचा फोन घेणे हे पोस्टमनचा गणवेश पाहून पत्रातल्या मजकुराची पारख करण्यासारखे झाले. पत्र वाटेत किती दुमडले गेले एवढाच प्रश्न उरतो. ती दुमडण्याची रीत फोन आणि इअरफोन दोघांना एकच यावी लागते, आणि ते खोक्यावर तपासता येते.

भाच्याला मी विचारले, "तारेचा हेडफोन या मोठ्या फोनला लावायचा कुठे?" भोकच नव्हते. २०१६ च्या आयफोन ७ पासून ही फॅशन फोफावली. मित्राने सोबत बोटभर लांबीची एक शेपटी दिली होती. आकड्यांचा आवाज करणारी चकती त्या शेपटीतच होती. म्हणजे आमच्या ढाळजेतला सामना सत्तर हजार विरुद्ध नऊ हजार असा नव्हताच. काही शे रुपयांच्या शेपटीविरुद्ध अक्काचा फोन असा होता. हे ऐकून अक्का समाधानाने आत चहा ठेवायला गेली.

पहिले काम म्हणजे दोन्ही फोनांतले 'डॉल्बी' बंद केले. हा शब्द उच्चारताच दाजी दचकले, कारण आपल्याकडे डॉल्बी म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत खिडक्यांची तावदाने हलवणारी भिंत. बिचाऱ्या रे डॉल्बी यांनी १९६५ साली कंपनी काढली आणि पहिले यंत्र केले ते टेपवरची खरखर कमी करण्याचे! गोंगाट घटवणाऱ्याच्या नावाने आपण गोंगाट ओळखतो. असो. फोनमधली ही सजावट कुणाला आवडते, कुणाला नाही. पण पारख करायची तर नवरी मेकअपशिवाय पाहावी.

दुसरे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि दुकानात ते कुणीही करत नाही: दोन्हींचा आवाज सारखा करणे. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. मोठा केला की तोच खर्ज भरून येतो. म्हणून एक फोन दुसऱ्याहून किंचित मोठा वाजत असला तरी तो 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो. विक्रेते हे ओळखून असतात. आम्ही दोन्ही फोनांवर तानपुरा लावला, हेडफोनची वाटी तिसऱ्या फोनच्या माईकवर घट्ट धरली आणि त्यातला मापाचा आकडा दोन्ही वेळा सारखा येईपर्यंत आवाज खाली-वर केला. अगदी तंतोतंत नाही, पण ढाळजेपुरते जमले.

तानपुराच का? चाचणीला त्यासारखे वाद्य नाही. मिरजेच्या कारागिरांना विचारा (मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे). तारेखाली घोडीवर दोरा सरकवून ते जी जवारी काढतात, तिच्यामुळे एका तारेतून वरच्या स्वरांचा अख्खा पिसारा फुलतो. वाईट इअरफोनवर तो पिसारा झडतो आणि नुसती गुणगुण उरते. त्यावर भजन घ्यावे. पखवाजाचा घुमारा खालचे टोक दाखवतो, टाळ वरचे, आणि मधे माणसाचा गळा. तो तर आपण जन्मापासून ऐकत आलो आहोत, तिथे कान सहसा फसत नाही. परदेशी परीक्षक ज्या गाण्यांवर पारख करतात ती आपल्या कानावरून कधी गेलेलीच नसतात. त्यांवर काय ओळखणार? आणि ध्वनिमुद्रण निदान चांगले हवे. १९२५ च्या आधीच्या ध्वनिमुद्रिका कर्ण्यात तोंड घालून भरल्या जात. त्यांत जे मुळात उतरलेच नाही ते लाखाचा फोन कुठून आणणार? अर्थात पोरवयात भीमसेनांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली ती असल्याच जुन्या यंत्रावर, आणि १९३३ साली गाण्यासाठी घर सोडले. तेव्हा यंत्राचे माहात्म्य तरी किती सांगावे!

सामना असा झाला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर उपरणे. मी नाणे उडवायचे आणि छापा-काट्याप्रमाणे एक फोन जोडायचा. ऐकणाऱ्याने सांगायचे, महाग की स्वस्त. प्रत्येकी दहा वेळा. भाच्याची सहा उत्तरे बरोबर आली, शेजारच्या मास्तरांची चार, अक्काची पाच. पाच तर नाण्यालाही मिळाली असती. अक्का म्हणाली, "दोन्हीत बुवा छान गातोय की." भाचा खट्टू झाला. मग मी फोन तोच ठेवून हेडफोन बदलले. एकदा बाजारातले दोनशे रुपयांचे, एकदा माझे तीन हजारांचे कानभर बसणारे. आता उपरण्याआडूनही तिघांनी दहापैकी दहा ओळखले, मास्तरांनी तर दुसऱ्या ठोक्याला. तेव्हा पैसा टाकायचा तो तिथे. एवढेच की कानात घालायचे बोंड कानाच्या मापाचे हवे. फट राहिली तर सगळा खर्ज त्या फटीतून पळतो आणि माणूस कंपनीला शिव्या देतो. खोक्यात तीन मापांची रबरे येतात ती शोभेची नसतात.

दाजींची पाळी शेवटी आली. ते शांतपणे ऐकत राहिले. महाग, स्वस्त, माझा हेडफोन, बाजारातला, सगळे झाले. उपरणे सोडून म्हणाले, "कशातच टाळ नाहीत."

भाच्याने माझा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि झटकन काढला. दाजींनी आवाज एवढा वाढवला होता की टाळ त्याच्या कानात खिळ्यासारखे रुतले. फोनवर साधा सूर काढून पाहिला. १,००० हर्ट्झला दाजींनी लगेच हात वर केला. ४,००० ला आम्ही सगळे तोंड वाकडे करत होतो आणि दाजी "लाव की" म्हणत वाट पाहत होते.

ढाळजेत कुणी काही बोलले नाही. मग अक्काच हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षं झाली. मी चुलीपासनं हाक मारली की 'काय गं' म्हणतात. 'सात' म्हटलं की 'आठ' ऐकतात. मला वाटायचं, लक्ष नाही माझ्याकडं."

गोंगाटाने कान जातो तो असाच. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे झिजते. तिथेच टाळ-झांजांची चमक असते आणि त्याच्या वरखाली स, श, च, फ ही अक्षरे. म्हणून अशा माणसाला बोलणे ऐकू येते पण कळत नाही, आणि घरच्यांना वाटते हा हेकट झाला. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा मानतात, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी करावी असे तज्ज्ञ सांगतात. गिरणीच्या पट्ट्याशेजारी चौतीस वर्षे दाजींच्या कानात कापसाचा बोळाही नव्हता.

तुरीचे पैसे सोलापूरला गेले. कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तक्ता काढला. दोन्ही कानांची रेघ डावीकडून बरी चालत येते आणि मग विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते. दोन्ही कानांना यंत्रे घेतली. फोनशी ती बिनतारी जोडता येतात, म्हणजे हेडफोनचाही प्रश्न मिटला. पहिल्या दिवशी दाजी पंख्याच्या आवाजाने वैतागले, भांडी हळू ठेवा म्हणाले. तिसऱ्या दिवशी अक्काने चुलीपासून विचारलेल्या प्रश्नाला ढाळजेतून बरोबर उत्तर आले, तेव्हा तीच गडबडली.

भाच्याचा मोठा फोन राहिला. त्याच्या सध्याच्या फोनमध्येच हेडफोनच्या आवाजाचा आठवड्याचा हिशेब ठेवण्याची सोय निघाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास सांगते; ९० डेसिबल असेल तर फक्त चार. याचे चार तास मंगळवारीच संपलेले होते. रात्री लातूरच्या खोलीवर शेजाऱ्यांचा गलका बुडवायला तो आवाज चढवतो. त्याला म्हटले, बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन घे, म्हणजे आतला वाढवावा लागणार नाही. त्यासाठी अक्काने पैसे काढून दिले, मोजून.

टाळांचे मात्र अजून पुरते जमलेले नाही. ते ऐकू येतात, पण पत्रा वाजवल्यासारखे, असे दाजी म्हणतात. यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी बेतलेली असतात. गाण्यासाठी त्यांत वेगळी जुळणी करून घ्यावी लागते. त्यासाठी कार्तिकी झाली की दाजींना पुन्हा सोलापूरला जायचे आहे. सोबत फोनमध्ये स्वतःच्या मंडळाचे भजन भरून न्यावे, आणि तेच लावून जुळणी करून घ्यावी, असे मी त्यांना सांगून ठेवले आहे.