‘सोडली नाही’ हेही लिहायचे असते

‘‘काय काकाजी, बिडी सुटली ना?’’ असे विचारले, की समोरचा माणूस ‘हो’च म्हणणार. कारण उत्तर प्रश्नातच दडलेले असते. म्हणूनच धूम्रपान सोडण्याविषयीच्या अभ्यासात संशोधन सहायक म्हणून काम करणाऱ्याने असा प्रश्न विचारायचा नसतो. विचारायचे ते असे, ‘‘गेल्या सात दिवसांत एकदा तरी बिडी ओढली का? एखादा झुरका तरी?’’

जयपूरच्या सिव्हिल लाइन्सचेच उदाहरण घ्या. राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्र्यांच्या बंगल्यांची ही वस्ती. उंच भिंती, मोठी फाटके आणि फाटकाशी पहारा. अशा भागात पाहणीला गेलेल्या तरुणीला बंगल्यातील साहेब भेटणे कठीणच. भेटणार ते पहारेकरी, ड्रायव्हर, माळी आणि चहाच्या थडीवर, म्हणजे आपल्या टपरीवर, बसलेली माणसे.

ही अडचण मुंबईतही आली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १९९१ साली तेथे मतदारयाद्यांवरून तंबाखूची घरोघर पाहणी सुरू केली. मुलाखती घेणाऱ्यांच्या हाती त्या काळीही छोटे संगणक होते. पुढे सुमारे दीड लाख लोकांची नोंद झाली, पण श्रीमंतांच्या सोसायट्या वगळाव्या लागल्या. पहाऱ्यामुळे आत जाणे जमत नव्हते.

आता समजा, सिव्हिल लाइन्समधील असाच एक पहारेकरी बिडी सोडण्याच्या अभ्यासात सामील झाला आहे. आधी संमतिपत्र त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. मधेच सोडून जाण्याची मोकळीक आहे, हेही सांगावे लागते. नंतर बंद पाकीट उघडायचे. कोणाला नुसता सल्ला आणि कोणाला सोबत औषध, हे ते पाकीट ठरवते. ‘बिचाऱ्याला औषध मिळू दे’ असे सहायिकेला कितीही वाटले, तरी पाकीट बदलायचे नाही. तिने ते बदलले, तर औषधाचा गुण की तिच्या निवडीचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

सहा महिन्यांनी ती परत येते. ‘‘सोडली, बेटी,’’ पहारेकरी म्हणतो. ती एक लहानसे यंत्र पुढे करते. त्यात फुंकर मारली, की श्वासातील कार्बन मोनॉक्साइड कळतो. आकडा जास्त येतो. म्हणून तो खोटे बोलला असे लगेच म्हणता येत नाही. थंडीच्या रात्री शेगडीशी बसणाऱ्याच्या श्वासातही हा वायू सापडतो. शिवाय तो चारपाच तासांत निम्मा होतो, म्हणजे यंत्राला फार तर आदल्या दिवसाचे कळते.

‘‘काकाजी, ही काही तुमची परीक्षा नाही,’’ ती सांगते, ‘‘रात्रपाळीला कसं होतं, तेवढं सांगा.’’

मग खरी गोष्ट बाहेर येते. अकरा दिवस त्याने बिडीला हात लावला नव्हता. बाराव्या रात्री सोबत्याने पेटवून पुढे केली. घरी मात्र सांगितले नाही, कारण बायकोने आनंदाने साऱ्या नातेवाइकांना कळवले होते.

सहायिका लिहिते, ‘सोडली नाही’. त्याखाली अकरा दिवस, रात्रपाळी, सोबत्याची बिडी, हेही लिहिते. पुढच्या माणसाला सल्ला देताना उपयोगी पडणार ते हेच.

असे लिहिणे जिवावर येते. महिनोन्महिने ज्याच्याशी बोललो, त्याला अपयशी ठरवणे कोणाला आवडेल? पण नियम याहून कडक आहे. जो पुन्हा सापडतच नाही, तोही बिडी ओढतो असेच सहसा धरतात. शंभर जण सामील झाले, साठ भेटले आणि त्यांतील पंधरांनी सोडली, तर यश शंभरांत पंधरा, साठांत पंधरा नव्हे.

आपल्या देशात हे काम जुने आहे. १९७७ च्या सुमारास टाटा संस्थेच्याच डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी केरळ, गुजरात व आंध्रच्या ग्रामीण भागांत ३६ हजारांवर तंबाखू सेवन करणाऱ्यांना गाठले. दरवर्षी त्यांचे तोंड तपासायचे, सवय विचारायची, सोडण्याविषयी समजवायचे. आंध्रच्या श्रीकाकुलममध्ये तर बायका चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढत. पाच वर्षांनी तीनपैकी दोन भागांत, असा सल्ला न मिळालेल्या लोकांच्या तुलनेत, अधिक जणांनी सवय सोडली किंवा बरीच कमी केली. तोंडातील पांढरे चट्टेही घटले. न सोडणाऱ्यांची नोंदही तितक्याच इमानाने झाली, म्हणून या निष्कर्षावर जगाने विश्वास ठेवला.

महाराष्ट्रात हे काम आणखी अवघड आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत येथील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आढळले, पण गुटखा, मिश्री, खायची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मिश्री लावणारीपुढे फुंकरीचे यंत्र काय कामाचे? लाळेची तपासणी होऊ शकते, पण ती दारोदार कोण करणार? तिथे विश्वासाने विचारणे हाच मार्ग.

समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना हे काम मिळू शकते. मात्र बहुतेकदा प्रकल्प संपला, की नोकरीही संपते. चपला झिजतात, दारे तोंडावर बंद होतात.

त्यांची एक रीत मात्र घरोघरी उचलण्यासारखी आहे. ‘‘परत ओढलीत ना?’’ असे चारचौघांत विचारले, की माणूस लपवू लागतो. त्याऐवजी ‘‘या वेळी किती दिवस जमलं? कशामुळे मोडलं?’’ असे एकांतात विचारून पाहा. आणि त्याची तयारी दिसली, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनीवर त्याच्यासोबत बसून फोन लावून द्या.