विश्लेषण : बॅच क्रमांक माहीत असूनही सदोष औषध शोधणे अवघड का?

मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात २०२५ मध्ये ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे औषध घेतलेल्या वीसहून अधिक बालकांचा मृत्यू झाला. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने एसआर-१३ या बॅचची विक्री आणि वापर तातडीने थांबवण्यास सांगितले. क्रमांक हाती असूनही बाटल्या गाठणे सोपे का नसते?

औषधात काय आढळले?
तमिळनाडूतील श्रीसन फार्मास्युटिकल्सच्या या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडले. मर्यादा ०.१ टक्के आहे. या विषारी द्रावकामुळे मूत्रपिंडे निकामी होतात.

माहिती कुठे तुटते?
एका बाटलीची माहिती किमान चार ठिकाणी असते : कच्चा माल पुरवणाऱ्याचे तपासणी प्रमाणपत्र, उत्पादकाची बॅच नोंद, वितरकाचे बिल आणि केमिस्टचा साठा. कुठे पीडीएफ, कुठे एक्सेल, कुठे कागदी रजिस्टर. एकाने ‘एसआर-१३’ आणि दुसऱ्याने ‘एसआर१३’ लिहिले, तरी संगणक त्या दोन वेगळ्या बॅच समजू शकतो.

क्यूआर कोडने प्रश्न सुटला का?
अर्धाच. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक आहे. त्यातून उत्पादक, परवाना, बॅच आणि मुदत कळते. पण कच्चा माल कुठून आला, ती बॅच कोणत्या दुकानांत गेली, हे त्यात नसते. युरोपीय संघात फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक पाकिटाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि औषध देताना तो तपासला जातो.

उपाय काय?
सर्वांच्या नोंदींची एकच भाषा. औषध, घटक आणि मात्रा कशी नोंदवायची, यासाठी आयएसओची ‘आयडीएमपी’ मानके आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये तर या कामाची दोन्ही टोके आहेत : पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि तळवड्यात सॉफ्टवेअर पार्क. अडसर तंत्रज्ञानापेक्षा व्यवहाराचा आहे. पुरवठादार आणि ग्राहकांची यादी कंपन्यांना गुपित वाटते. छोट्या उत्पादकांना खर्च जड जातो. त्यामुळे निदान बॅच, कच्चा माल आणि वितरण या तीन नोंदी जोडण्याची सक्ती नियामकालाच करावी लागेल.

तोपर्यंत आपण काय करावे?
औषधाचे बिल घ्या, त्यावरील बॅच क्रमांक बाटलीशी जुळवून पाहा. शंका आल्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा.