एल्विसचा बॉक्स सेट घ्यावा का? आणि कोणता?

एल्विस प्रेस्ली १९७७ मध्ये गेला. त्याच्या गाण्यांचे बॉक्स सेट त्यानंतरही येत राहिले. यातलं घेण्यासारखं काय?

२०१० चा ‘द कम्प्लीट एल्विस प्रेस्ली मास्टर्स’ म्हणजे ३० सीडी : ७११ मूळ रेकॉर्डिंग्ज आणि वर १०३ दुर्मीळ ट्रॅक. पण ‘कम्प्लीट’ म्हटल्यावर साठच्या दशकातल्या सिनेमांची सुमार गाणीही आलीच.

१९९२ चा पन्नासच्या दशकावरचा सेट पाच सीडी आणि १४० ट्रॅकमध्ये आटोपतो. सन रेकॉर्ड्समधली सुरुवात, ‘हाउंड डॉग’, लष्करात जाण्याआधीचा एल्विस, सगळं त्यात आहे.

बहुतेक गाणी स्ट्रीमिंगवर मिळतात. त्यामुळे बॉक्स हवाच असेल, तर ऐकण्यासाठी १९९२ चा पुरे. ३० सीडींचा सेट एकही गाणं सुटू नये असं वाटणाऱ्या संग्राहकासाठीच.