इब्सेन आपला कोण लागतो?

नव्या रायपुरात बदलून आलेल्या मराठी अधिकाऱ्यांच्या बैठकीत इब्सेनचे ‘जनतेचा शत्रू’ बसवावे, असे कोणी सुचविले की उत्तर ठरलेले असते : दिवसभर फायलींत मान घालून बसलेल्या माणसाला संध्याकाळी चार घटका हसू द्या, त्या बर्फाळ नॉर्वेतल्या दुखण्यांशी आपला संबंध काय?

संबंध नाही म्हणणाऱ्यांनी आपल्याच रंगभूमीची वंशावळ एकदा चाळावी. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने रंगमंचावर आणलेले ‘आंधळ्यांची शाळा’ हे श्री. वि. वर्तकांचे नाटक ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीचे रूपांतर होते, आणि आधुनिक मराठी नाटकाचा आरंभ सांगताना आपण त्याचेच नाव घेतो. १९४१ साली अनंत काणेकरांनी इब्सेनच्या नोराला ‘घरकुला’त आणून बसविले. शिवाय याच रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीरांनी शेक्सपिअर आणि ब्रेख्त छत्तीसगढी नटांच्या मुखी घातले, ते काही परके वाटले नाहीत.

दुसरा आक्षेप साधनांचा. सभागृह लहान, नट हौशी, मराठी प्रेक्षक मूठभर. परंतु इब्सेन मोठ्या नाट्यगृहांच्या कृपेवर जगला कधी? त्याच्या ‘घोस्ट्स’चा पहिला प्रयोग १८८२ साली झाला तो नॉर्वेत नव्हे, शिकागोत, पोटासाठी देश सोडून गेलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांपुढे, त्यांच्या भाषेत. लंडनमध्ये तेच नाटक १८९१ साली एका लहानशा संस्थेने केले, तेही सभासदांपुरते. कारण सेन्सॉरची परवानगी नव्हती. स्वतः नाटककार सत्तावीस वर्षे मायदेशाबाहेर राहिला. गावाबाहेरच्या माणसांनी गावाबाहेरच्या माणसाचे नाटक करावे, यात विपरीत ते काय?

खरी अडचण निराळी आहे, आणि ती कोणी बोलून दाखवीत नाही. ‘जनतेचा शत्रू’ हे अधिकाऱ्यांचे नाटक आहे. स्नानगृहांवर नेमलेला वैद्यकीय अधिकारी डॉ. स्टॉकमन पाणी दूषित असल्याचे सिद्ध करतो. त्याचा थोरला भाऊ पेटर नगराध्यक्ष, आणि स्नानगृहांच्या मंडळाचाही अध्यक्ष. तो पाणी तपासत नाही. खर्च मोजतो, दुरुस्तीला लागणारी दोन वर्षे मोजतो आणि हे सर्व योग्य मार्गाने वर का कळविले नाही, म्हणून भावाला खडसावतो. ही वाक्ये पाठ करायला आपल्यापैकी कोणाला तालीम लागेल? महानदी भवनाच्या छायेत राहणाऱ्यांना तर मुळीच नाही. आपण पेटरला भितो, कारण तो खलपुरुष नाही. टापटिपीचा, मितव्ययी, नियम जाणणारा गृहस्थ आहे.

म्हणून माझा आग्रह असा की, नाटक करायचे तर ते मऊ करू नये. सत्यजित रायांनी १९८९ च्या ‘गणशत्रु’मध्ये दूषित पाणी देवळाच्या चरणामृतात नेले, ही मोठ्या कलावंताची सूझ होय, पण अखेरीस डॉक्टरच्या पाठीशी तरुणांचा जयघोष उभा केला, तो दिलासा इब्सेनने दिलेला नाही. तसेच चौथ्या अंकातील डॉक्टरचे बहुमताविषयीचे उर्मट उद्गारही गाळू नयेत. ते ऐकताना आपल्याला त्याचा राग यावा, अशीच नाटककाराची इच्छा असावी. निर्दोष डॉक्टरपुढे माना डोलावणे फार सोपे.

आणि त्या अंकासाठी लहान सभागृहाइतकी सोयीची जागा नाही. तो सारा अंक म्हणजे गावसभा. एक टेबल, चार खुर्च्या आणि अध्यक्षांची घंटा एवढे पुरे. नट प्रेक्षकांतच बसवावेत, म्हणजे गाव कोण आणि प्रेक्षक कोण हे ओळखू येणार नाही. ठराव मांडला जाईल, डॉक्टर जनतेचा शत्रू ठरेल. इब्सेनने विरोधी मत एकाच माणसाला देऊ दिले आहे, आणि तो दारू प्यालेला आहे. बाकीच्या खुर्च्यांवर आपण बसलेले असू.