जुनी मोटार आणि ड्रमच्या आतला ब्रेक

लोधीखेड्याहून सौंसरमार्गे छिंदवाड्याकडे निघालेली सडक सिल्लेवानीच्या घाटात चढू लागते, तेव्हा जुन्या मोटारीच्या इंजिनाचा कस लागतो. परंतु परतीच्या उतारावर कस लागतो तो ब्रेकचा, आणि तेथे झालेली हयगय सावरून घेण्यास अवकाश फार थोडा असतो. म्हणूनच, मोटार जुनी आहे यापेक्षा तिच्या ब्रेकचे ड्रम कोणी, केव्हा उघडून पाहिले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी काय किंवा जुनी अँबेसेडर काय, त्यांच्या चारही चाकांत ड्रम ब्रेकच असत. आणि पुढे डिस्क ब्रेक प्रचारात आले तरी असंख्य लहान मोटारींच्या मागील चाकांत आजही ड्रमच आहेत. या रचनेचा एक स्वभावदोष असा, की तिची व्याधी बाहेरून दृष्टीस पडत नाही. लायनर झिजून रिबिटांची डोकी ड्रमला घासू लागतात, व्हील सिलिंडरच्या रबरातून ऑइल झिरपून लायनरवर पसरते, आणि सपाट रस्त्यावर हे सारे खपून जाते. उतारावर मात्र वारंवार दाबलेल्या ब्रेकने ड्रम तापतो, प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, तापलेल्या लायनरची पकड मंदावते आणि पेडल खोल जाऊ लागते.

काम करवून घेताना मालकाने मिस्त्रीपाशी उभे राहावे. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगांची मांडणी पडताळण्यास दुसरी बाजू शाबूत राहते. लायनर मात्र दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. चरे पडलेला ड्रम लेथवर टर्न करता येतो, परंतु ड्रमवर कोरलेली व्यासाची कमाल मर्यादा ओलांडल्यास तो बादच करावा. आतील भुकटी हवेच्या झोताने कदापि उडवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ हाताखालच्या पोराच्या फुप्फुसांत कायमची घर करते. शेवटी ब्रेक ऑइल नवे भरून लाइनीतील हवा काढावी, कारण जुने ऑइल ओलावा शोषते आणि तापल्यावर त्यात वाफ धरते.

खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत 15 वर्षांची, आणि तपासणीनंतर मिळणारी वाढ 5 वर्षांची. लायनर या मुदतीची वाट पाहत नाही. केवळ वयाच्या दाखल्यावरून मोटारीस बाद ठरवणे जितके अन्यायाचे, तितकेच त्या दाखल्यावर विसंबून घाट उतरणे बेजबाबदारपणाचे आहे. परिवहन खात्याने जुन्या मोटारीचे ड्रम दरवर्षी उघडून त्याची लेखी नोंद ठेवणे सक्तीचे करावे. आणि तसा हुकूम निघेपर्यंत प्रत्येक मालकाने तो स्वतःवरच लागू करून घ्यावा, कारण समोरून येणाऱ्या पादचाऱ्याचा जीवही त्याच लायनरच्या हवाली असतो.